इग्लसचा बर्फ: ल्यूज बघायला इन्सब्रुकला गेलो ते पाच दिवस

आम्ही निफाडचे. थंडीत महाराष्ट्राचं सगळ्यात कमी तापमान पेपरात छापून येतं ना, बऱ्याचदा ते आमचंच असतं, त्यामुळे थंडीचं कौतुक लहानपणापासून आहे, पण बर्फ म्हटलं की रसवंतीवरची लादी आणि गोळेवाल्याची गाडी, एवढंच. माझा धाकटा भाऊ म्युनिकला नोकरीला आहे, तीन वर्षं बोलावत होता, यंदा जानेवारीत मी आणि माझा तेरा वर्षांचा लेक जाऊन आलो. बाकी लोक पॅरिस करतात, स्वित्झर्लंड करतात, आम्ही ल्यूज बघायला गेलो. कारण लेकच. त्याने दोन वर्षांपूर्वी आपल्या भारताचा ल्यूज खेळाडू शिव केशवनचा व्हिडिओ बघितला होता, मनालीच्या घाटरस्त्यावर चाकं लावलेल्या स्लेजवर उताणा झोपून तो सुसाट खाली येतोय आणि रस्त्यात मेंढरांचा कळप. तेव्हापासून घरात तेच. मात्र बोलायचा असं की, "आई, नुसतं झोपून तर जायचंय, त्यात काय अवघड?" हे वाक्य लक्षात ठेवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्फाच्या नळीसारख्या ट्रॅकवरून घसरायचे तीन खेळ आहेत. बॉबस्ले, म्हणजे थोडक्यात बॉब, ही मोठी गाडी, त्यात बहुतेक वेळा दोघं किंवा चौघं बसतात. स्केलेटन म्हणजे पोटावर झोपून, डोकं पुढे. आणि ल्यूज म्हणजे पाठीवर झोपून, पाय पुढे, डोकं मागे, छोटीशी स्लेज, ब्रेक नाही, पट्टा नाही, काही नाही. तिन्हीत वेगाला ल्यूज सगळ्यात वरचढ मानतात.

दिवस पहिला: म्युनिक ते इन्सब्रुक

सकाळची ट्रेन, पावणेदोन तासांचा प्रवास. कुफस्टाइनला ऑस्ट्रिया लागतं आणि मग इन नदी सोबत येते ती शेवटपर्यंत. इन्सब्रुक म्हणजे इन नदीवरचा पूल. शहर फार उंचावर नाही, पावणेसहाशे मीटरच्या आसपास, आपलं नाशिकही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे, फक्त इथे मान वर केली की डोंगर थेट अंगावर येतात.

संक्रांत तीन दिवसांवर होती म्हणून घरून तिळाच्या वड्या नेल्या होत्या, त्या पूर्ण ट्रिपभर जॅकेटच्या खिशात. थंडीत वडी दगडासारखी होते, तोंडात ठेवून द्यायची, हळूहळू सुटते.

दुपारी बर्गीझेलला गेलो. तिथे स्की जंपिंगचा तो प्रसिद्ध टॉवर आहे, झाहा हदीदने डिझाइन केलेला, 2002 चा. मला टॉवरपेक्षा तिथल्या ऑलिंपिक ज्योतींच्या कुंडांपाशी थांबावंसं वाटलं. इन्सब्रुकला हिवाळी ऑलिंपिक दोनदा झालं, 1964 आणि 1976. दुसरं खरं तर अमेरिकेत डेन्व्हरला व्हायचं होतं, पण तिथल्या लोकांनी 1972 मध्ये मतदान करून खर्चाला नकार दिला, मग सगळं तयार असलेलं गाव म्हणून ते परत इन्सब्रुककडे आलं. 1976 ला दोन ज्योती पेटवल्या, एक 1964 ची आठवण म्हणून, एक नवी. त्या पेटवणाऱ्या दोघांपैकी एक जोसेफ फाइस्टमांटल, ल्यूजवाला. 1964 ला ल्यूज पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि त्यात डबल्सचं गोल्ड त्याने मानफ्रेड श्टेंगलबरोबर जिंकलेलं.

1964 ची अजून एक गोष्ट मामाने, म्हणजे माझ्या भावाने, तोही सोबत होता, लेकाला सांगितली आणि तो हरखूनच गेला. त्या वर्षी बर्फच पडला नाही! ऑलिंपिक तोंडावर आणि डोंगर कोरडे. मग ऑस्ट्रियाच्या सैन्याने वरच्या डोंगरातून बर्फाच्या 20,000 लाद्या कापून आणल्या आणि त्या लावून बॉब आणि ल्यूजचे ट्रॅक उभे केले. गोळेवाल्याची लादी मला तिथे आठवली. आणि त्याच 1964 च्या इन्सब्रुकमध्ये हिवाळी ऑलिंपिकला पहिल्यांदा भारताचं नाव लागलं, जेरेमी बुजाकोव्स्की नावाचा स्कीअर, जन्माने पोलिश पण भारताकडून उतरलेला. मला हे आधी अजिबात माहीत नव्हतं. आपल्या शाळांच्या पुस्तकात एक ओळ तरी असायला हवी होती.

दिवस दुसरा: इग्लस

आज मुख्य दिवस. इग्लस हे शहराच्या वरच्या अंगाला, पात्शरकोफल डोंगराच्या पायथ्याचं गाव. 'J' नंबरची बस पटकन नेते, पण आम्ही मुद्दाम सहा नंबरची ट्राम घेतली. ही ट्राम शहर सोडते आणि सरळ जंगलात शिरते, एकेरी रूळ, दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली झाडं, डब्यात आम्ही तिघं आणि दोन आज्या. माथेरानची गाडी आठवली, फक्त इथे डबा गरम आणि माकडं नाहीत.

रेस नव्हती, ट्रेनिंग होतं. भावाने आधीच सांगितलेलं, ताई, रेसच्या दिवशी गर्दी, स्पीकर, घंटा, काही नीट दिसत नाही, ट्रेनिंगला चल. आणि शंभर टक्के बरोबर होता.

ट्रॅक दिसायच्या आधी ऐकू येतो. म्हणजे आधी स्पीकरवर जर्मनमध्ये घोषणा, ट्रॅक मोकळा आहे अशी, मग शांतता, मग लांबून एक घरघर, पाट्यावर वरवंटा ओढल्यासारखी, ती वाढत वाढत येते आणि अचानक समोरून काहीतरी सर्रकन जातं आणि संपलं. लेकाच्या हातात मोबाइल तयार होता, पहिल्या तीन वेळेला त्याच्या व्हिडिओत फक्त रिकामा ट्रॅक आला. माणूस दिसतच नाही हो! काळी रेघ.

हा ट्रॅक 1976 च्या ऑलिंपिकसाठी बांधला. त्याआधी बॉबचा ट्रॅक वेगळा, ल्यूजचा वेगळा असायचा, दोन्हींना चालेल असा एकच ट्रॅक ऑलिंपिकला पहिल्यांदा इथे वापरला. सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबी, चौदा वळणं. आत काँक्रीटची नाळ, तिच्या पोटात पाइप, पाइपात अमोनिया, म्हणजे आपल्या बर्फाच्या कारखान्यात जे असतं तेच, आणि वरून माणसं पाणी फवारून फवारून थर चढवतात. बर्फ जाड असेल असं मला वाटलेलं, तर नाही, काही सेंटिमीटरच. दोन रनच्या मध्ये काठी-झाडू घेतलेली माणसं ट्रॅकमध्ये उतरतात, कुठे ओरखडा पडला असेल तर पाणी-बर्फाचा लगदा लावून हाताने गुळगुळीत करतात, शेणाने जमीन सारवताना बायका जशा हात फिरवतात ना, थेट तसा हात. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. इतकी मशिनरी असून शेवटचा हात माणसाचाच.

आणि इथे मला आपल्या भाषेची एक अडचण जाणवली. आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. आकाशातून पडतो तो भुसभुशीत पण बर्फ आणि हा काचेसारखा पण बर्फ. इथल्या लोकांचे दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन वेगळ्या गोष्टीच आहेत त्या. ट्रॅकवर वरून ताजा बर्फ पडला तर ती आफत असते, लगेच झाडायला घेतात, कारण वेग मरतो.

मधल्या भागात एक भलंमोठं वळण आहे, क्राइझल म्हणतात त्याला, जवळजवळ पूर्ण गोल फिरून ट्रॅक स्वतःच्याच खालून निघतो. तिथे उभं राहिलं की स्लेज भिंतीवर चढलेली दिसते, म्हणजे माणूस जमिनीला आडवा नाही, भिंतीला चिकटलेला, आणि इथे मात्र तो क्षणभर दिसतो. मोठ्या स्पर्धांमध्ये अशा वळणांवर शरीरावर स्वतःच्या वजनाच्या चार-पाच पट दाब येतो. मान उचलून धरायची असते ती त्या दाबात. डोकं फार उचललं तर हवा अडते, वेग जातो, पूर्ण टाकलं तर पुढचं दिसत नाही. मग ते काय करतात, अर्धवट बघतात आणि बाकीचं पाठ असतं.

पाठ म्हणजे कसं ते वर स्टार्टला गेल्यावर कळलं. चढून गेलो, धाप लागली. वर खेळाडू कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले, आणि मान हळूच डावीकडे, उजवीकडे, हात समोर धरून हवेत वळणं काढतायत. चौदाच्या चौदा वळणं मनात. लेकाने मला कोपराने ढोसलं, "आई, जप करतायत का?" खरंच तसं वाटत होतं.

स्टार्ट बघण्यासारखा असतो. बसूनच. दोन बाजूंना दोन दांडे, ते धरून स्लेजवर बसल्या बसल्या मागे-पुढे झोके घ्यायचे आणि एक जोरात ओढ घेऊन सुटायचं. मग लगेच हातांनी बर्फावर दोन-चार फटके, वल्ही मारल्यासारखे, ग्लोव्हजच्या बोटांना बारीक खिळे असतात, आणि मग सपकन आडवं. या आडवं होण्यात पण कसब. जाणकार सांगतात की इग्लसचा ट्रॅक त्यामानाने सोपा, म्हणून इथे स्टार्टलाच निकाल लागतो, वर गमावलेलं खाली भरून निघत नाही. पुरुषांचा पूर्ण रन पन्नास सेकंदांच्या आतबाहेर संपतो.

तिथे एक कोच होते, वयस्कर, मामाने जर्मनमध्ये सांगितलं की हा पोरगा भारतातून आलाय आणि याला ल्यूजचं वेड आहे. त्यांनी विचारलं, "केशवन?" बस, एवढंच. लेकाचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. मग त्यांनी एक स्लेज उचलून बघायला दिली. एकट्याची स्लेज 21 ते 25 किलो, म्हणजे विमानातली आपली चेक-इनची बॅग असते बघा 23 किलोची, तेवढी. खाली दोन धावपट्ट्या, त्यांना कूफं म्हणतात, त्यांच्याखाली पोलादी पाती. वर एक उथळ खोळ, त्यात फक्त पाठ आणि कंबर मावते, खांदे-डोकं मागे बाहेर, पाय पुढे बाहेर. वळवायचं कसं? पोटऱ्यांनी. डावीकडे जायचं तर उजव्या पोटरीने उजवी धावपट्टी आत दाबायची आणि डावा खांदा खाली द्यायचा. किती दाबायचं तर, त्यांनी अंगठा आणि बोटाची चिमूट दाखवली. एवढंच. जास्त दाबलं तर स्लेज घसटते आणि वेळ गेला.

मग त्यांनी लेकाला विचारलं की सगळ्यात अवघड काय असेल सांग. तो म्हणाला वळणं. ते म्हणाले नाही, अंग सैल ठेवणं. ताठ झालास की प्रत्येक धक्का स्लेजला लागतो आणि ती नाचायला लागते. भीती वाटली की माणूस आखडतो, आखडला की स्लेज नाचते, नाचली की अजून भीती. म्हणून लहान मुलांना आधी खालून सोडतात, ट्रॅकच्या मधल्या-खालच्या स्टार्टवरून, वेग कमी, आणि जसजसं अंग सैल राहायला लागतं तसतसं वर वर नेतात. ते म्हणत होते ते भाऊ मराठीत सांगत होता आणि लेक ऐकत होता, आणि "नुसतं झोपून तर जायचंय" हे वाक्य त्या दिवसानंतर मी त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

दुपारनंतर तिथली शाळकरी पोरं आली. दप्तर ठेवलं, सूट चढवला, पायातले ते बूट असतात ना, त्यांच्या चेनने पाऊल नाचणाऱ्या बाईसारखं ताणून धरलं जातं, ते घातले आणि लागली रांगेत. दहा-अकरा वर्षांच्या मुली! एक पोरगी खाली पोचून स्लेज खांद्याला लावून परत चढत होती, गाल लालबुंद, माझ्याकडे बघून हसली. मी तिला तिळाची वडी दिली. तिने आधी हुंगली, मग खाल्ली, मग मैत्रिणीसाठी एक मागितली.

मला तेव्हा खूप भरून आलं, कारण मला सारखा तो मनालीचा रस्ता आठवत होता. शिव केशवन वशिष्ठ गावचा, वडील केरळचे, आई इटालियन. पंचकुल्याला आंतरराष्ट्रीय ल्यूज फेडरेशनतर्फे गुंथर लेमरर नावाचे ऑस्ट्रियाचे माजी ल्यूज खेळाडू कॅम्प घ्यायला आले होते, तिथे हा शाळकरी पोरगा सापडला, आणि 1998 ला नागानोमध्ये सोळाव्या वर्षी तो ऑलिंपिकमध्ये होता, भारताच्या पथकात एकटा. तिथून 2018 पर्यंत सलग सहा ऑलिंपिक. एशियन चॅम्पियनशिपचं गोल्ड एकदा नाही, अनेकदा. 2014 च्या सोचीत तर आपली ऑलिंपिक असोसिएशन सस्पेंड असल्याने त्याची रेस भारताच्या झेंड्याशिवाय झाली. 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला, तोवर तो रिटायर झालेला. आणि या पूर्ण काळात भारतात असा एकही ट्रॅक नव्हता, आजही नाही. या पोरीला शाळेतून ट्राम पकडली की बर्फ, आणि त्याला दर वर्षी दुसऱ्या खंडात यावं लागायचं, उरलेले महिने डांबरावर चाकं. त्याचा ऑलिंपिकमधला सगळ्यात चांगला नंबर पंचविसावा, 2006 चा तुरिनचा. लोक पंचविसावा ऐकून नाक मुरडतात. मी इग्लसला उभी राहून सांगते, त्या पंचविसाव्याची किंमत पदकाएवढी आहे.

संध्याकाळी पाचलाच अंधार पडायला लागतो. ट्रॅकवरचे दिवे लागले आणि बर्फ निळसर दिसायला लागला. पोरं चालूच होती.

दिवस तिसरा: बॉबमध्ये बसलो

ल्यूजवर पर्यटकाला सहसा कोणी झोपू देत नाही, आणि देऊ नयेच. पण इग्लसला हिवाळ्यात गेस्ट बॉब असतो, पुढे ट्रेन्ड पायलट आणि मागे आपण. आधी बुकिंग लागतं, भावाने महिनाभर आधी केलेलं. वयाच्या अटीमुळे लेकाला बसता आलं नाही, तो फार हिरमुसला.

खरं सांगायचं तर रात्री मला झोप लागली नव्हती. या खेळात माणसं गेलीत. 1964 ला इथेच इग्लसला, ऑलिंपिकच्या आधीच्या ट्रेनिंगमध्ये काझिमिएर्झ काय-स्क्रझिपेत्स्की हा ब्रिटनकडून उतरणारा खेळाडू गेला. आणि 12 फेब्रुवारी 2010, व्हिस्लरला, व्हॅंकुव्हर ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली, वय एकवीस. शेवटच्या वळणातून बाहेर फेकला जाऊन लोखंडी खांबावर आदळला. त्यानंतर तिथे पुरुषांचा स्टार्ट खाली आणला आणि खांब झाकले. केशवनही त्या ऑलिंपिकला होता, असं बघितल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॅकवर पाठ टेकवायची म्हणजे काय असेल. हे लेकाशी मी बोलले होते, लपवलं नव्हतं, वेड असलेल्या पोराला दोन्ही बाजू माहीत पाहिजेत.

हेल्मेट, खाली वाकून बसायचं, आतले दांडे घट्ट धरायचे, मान खांद्यात, पाठ सरळ. पायलटने एवढंच सांगितलं. ढकललं आणि पहिली दोन वळणं मला वाटलं, अरे, हे तर एसटीच्या मागच्या सीटसारखं. तिसऱ्या-चौथ्यापासून काही वाटायला वेळच मिळाला नाही. आवाज! पत्र्याच्या डब्यात खडे घालून कानापाशी हलवावेत तसा. आणि क्राइझलमध्ये गेलो तेव्हा कोणीतरी दोन्ही खांद्यांवर सिमेंटची पोती ठेवली, हनुवटी छातीला टेकली, डोळ्यांसमोर फक्त स्वतःचे गुडघे, श्वास आत घ्यायचा राहूनच गेला. किती वळणं झाली मोजत होते, सातनंतर चुकलं. मग एकदम चढ लागला, वेग ओसरला, थांबलो. शंभरच्या वर गेलो होतो असं पायलट म्हणाला. एक्स्प्रेसवेवर गाडी शंभरला जाते तेव्हा आपण गाणी ऐकत असतो, इथे शंभर म्हणजे काय ते अंगाला कळतं, कारण बूड आणि बर्फ यात वीतभर अंतर.

आम्ही पायलटच्या मागे, पत्र्याच्या आत, आणि एवढं. ल्यूजवाले त्याच भिंतींवरून उघड्यावर, डोकं मागे टाकून, अजून वेगात. बाहेर आल्यावर माझे हात थरथरत होते, बोलता येईना. लेकाने विचारलं, कसं होतं? मी म्हटलं, थांब, जरा बसू दे.

दुपारी परत ट्रॅकवरच गेलो, पण आता बघायची नजरच बदललेली. कालपर्यंत काळी रेघ दिसत होती, आज खांदा दिसायला लागला, कोण वळणातून लवकर बाहेर पडतंय, कोणाची स्लेज शेवटाला भिंतीला चाटतेय. घड्याळाचा बोर्ड बघायला लागलो. ल्यूजमध्ये वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. याला कारण आहे, 1972 ला साप्पोरोत डबल्समध्ये इटली आणि पूर्व जर्मनी यांची वेळ अगदी सारखी आली आणि दोघांना गोल्ड द्यावं लागलं, त्यानंतर हजारावा भाग आला. 1998 ला नागानोत महिलांचं गोल्ड आणि सिल्व्हर यात फरक किती, तर 0.002 सेकंद. सिल्के क्राउसहारने ते जिंकलं. चार रनची बेरीज केल्यावर एवढा फरक! पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

स्टार्टला पात्यांचं तापमान मोजताना पण बघितलं. पोलाद गरम असेल तर बर्फ वितळून पाण्याचा पातळ थर होतो आणि स्लेज जास्त पळते, म्हणून गरम पातं म्हणजे चोरी. 1968 ला ग्रेनोबलला पूर्व जर्मनीच्या मुलींना याच कारणासाठी बाद केलेलं, त्यात ऑर्ट्रुन एंडरलाइन पण होती, जिने 1964 ला इथे इन्सब्रुकला महिलांचं पहिलं गोल्ड जिंकलं होतं.

दिवस चौथा: आपली स्वतःची लाकडी स्लेज

आज लेकाचा दिवस. टिरोलमध्ये, म्हणजे इन्सब्रुकच्या या प्रांतात, घसरणं हा फक्त रेसवाल्यांचा खेळ नाही, घराघरात लाकडी स्लेज असते, रोडल म्हणतात, आणि जंगलातल्या रस्त्यांवर बर्फ दाबून केलेल्या वाटा असतात त्यासाठी. स्पोर्ट्सच्या दुकानातून तीन रोडल भाड्याने घेतल्या, लोकल ट्रेनने ब्रेनरच्या दिशेला माट्रायला उतरलो आणि मारिया वाल्डरास्टला चढलो. ही एक मॉनेस्टरी, 1600 मीटरच्या वर, पूर्ण जंगलात. स्लेजची दोरी हातात, ओढत ओढत दोन तासांच्या वर चढण. वारीत पालख्या ओलांडून लोक पुढे जातात तशी म्हातारी माणसं आम्हाला ओलांडून जात होती.

वर मॉनेस्टरीच्या हॉटेलात काइझरश्मार्न खाल्लं, जाड गोड धिरडं तुकडे करून, वर पिठीसाखर आणि बाजूला प्लमचा मुरंबा. तिघांत दोन प्लेट. अंडं असतं त्यात, न खाणाऱ्यांनी आधी विचारा.

मग उतार. इथे बसून जायचं, पाय पुढे, दोरी हातात. वळायचं तर बाहेरच्या पायाने दाब द्यायचा, मागे रेलायचं, आणि ब्रेक म्हणजे दोन्ही बूट पूर्ण तळवा टेकवून. टाचा रोवल्या की बर्फाचा फवारा थेट तोंडावर, हे पहिल्या वळणावरच कळलं. मामा पुढे, मध्ये लेक, मागे मी. पहिला किलोमीटर तो इतका आखडून बसलेला की स्लेज दोन्हीकडे नाचत होती, एकदा तर सरळ कडेच्या ढिगाऱ्यात गेला, पूर्ण आत, फक्त बूट बाहेर. मी ओरडत पोचेपर्यंत स्वतःच उठला, टोपी शोधली, आणि म्हणाला, "आई, सैल. ते सैल म्हणालेले." आणि पुढे जे गेला ते मला खालीच भेटला. मागून बघत होते, खांदे उतरलेले, मान मोकळी, वळणावर नुसता कलायचा. पाच-सहा वर्षांची एक मुलगी बापाच्या पुढे बसून गाणं म्हणत गेली आमच्या बाजूने. जंगलात आवाज येतो फक्त पात्यांचा आणि त्या हसण्याचा.

ऑस्ट्रिया, इटलीमध्ये या अशा नैसर्गिक वाटांवरचं पण वेगळं रेसिंग आहे, ज्यात वळणांना भिंती नसतात आणि दोरीने स्लेज ओढून वळवतात, उमहाउझेनला त्याचा ट्रॅक आहे. पुढच्या वेळी ते.

संक्रांत त्याच दिवशी. रात्री रूमवर तिळगूळ दिला-घेतला, पाय सुजलेले, मोजे रेडिएटरवर.

दिवस पाचवा: क्योनिग्झे

परत म्युनिकला आलो ते थेट नाही, बेर्ख्टेसगाडेनवरून वाकडी वाट करून, कारण लेकाला जर्मनीतल्या क्योनिग्झेचा ट्रॅक बघायचा होता. जगातला पहिला कृत्रिम बर्फाचा ट्रॅक, 1960 च्या दशकाच्या शेवटी बांधलेला. ल्यूजवाला गेऑर्ग हाकल इथला, ज्याने 1992, 94 आणि 98 अशी सलग तीन ऑलिंपिक गोल्ड घेतली, दुसरा ल्यूज चॅम्पियन फेलिक्स लोख पण इथलाच. जुलै 2021 मध्ये प्रचंड पाऊस झाला, डोंगरावरून दगडमातीचा लोंढा आला आणि वरचा भाग उद्ध्वस्त झाला. आम्ही गेलो तोवर बंदच होता.

आम्ही गेलो तर कुंपण, यंत्रं, कच्चं काँक्रीट, बांधकाम चालू. आपल्याकडे माळीणला, इरशाळवाडीला डोंगर खाली आला ते आठवल्याशिवाय राहत नाही, इथे माणसं गेली नाहीत त्या ट्रॅकवर हे नशीबच. लेक बराच वेळ जाळीला बोटं अडकवून उभा होता. मग विचारलं, "मामा, इथली पोरं मग कुठे जातात?"

"दुसऱ्यांच्या ट्रॅकवर. इग्लसला, विंटरबर्गला."

"रोज?"

"रोज कसं जातील? विंटरबर्ग तर सात-आठ तास लांब आहे. सुट्टी बघून, कॅम्प लावून."

"केशवनसारखं," तो म्हणाला, आणि मग बस येईपर्यंत काही बोलला नाही.

कोणाला जायचं असेल तर, इग्लसला ट्रेनिंग कधी आहे ते आधी विचारून घ्या, रेसपेक्षा तेच बघा. बूट नीट पकड असलेले हवेत, ट्रॅकच्या बाजूची वाट निसरडी असते, आणि मोबाइलची बॅटरी थंडीत अर्ध्या दिवसात मरते, तो आतल्या खिशात ठेवा. वड्या जास्त न्या.